कागदावरचं जेवण

मेडिसिनच्या विभागप्रमुखांनी तिसऱ्या वर्षाच्या वर्गात माझी ओळख करून दिली ती अशी: "या आपल्या आहारवाल्या बाई. दर गुरुवारी दोन ते तीन या तुम्हाला जेवायला शिकवणार आहेत. झोप आली तर झोपा, फक्त घोरू नका."

वर्ग हसला. मीही हसले. त्यांच्या बोलण्याचा राग मला आजही आहे, पण माझ्या त्या हसण्याचा त्याहून जास्त आहे.

मी डॉक्टर नाही. त्या कॉलेजात रोज कुणी ना कुणी मला याची आठवण करून देई, जणू मी विसरून कुणाचं पोटच फाडायला बसणार होते. चुडाव्याच्या स्टेशनाजवळ बौद्धवाड्यात वाढलेली मी, रेल्वेत गँगमन असलेल्या बापाची लेक. परभणीला राहून आहारशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि जिल्ह्यातल्याच एका वैद्यकीय महाविद्यालयात अकरा महिन्यांच्या करारावर लागले. भरती असलेल्या रुग्णांचा आहार बघायचा, हे माझं मूळ काम. मग वरून कागद आला की भावी डॉक्टरांना पोषण शिकवा. मधुमेह आणि रक्तदाब गावोगाव घुसलेत, नुसत्या गोळ्यांनी ते थांबायचे नाहीत. गोष्ट खरी होती. पण तो तास कुणालाच नको होता. म्हणून माझ्या गळ्यात पडला.

गुरुवारी दोन वाजता मुलं मेसमधला भात रिचवून येत. मागचे बाक झोपायचे. पुढचे बाक पुढच्या प्रवेशपरीक्षेचे प्रश्न सोडवायचे. पहिल्याच तासाला एकाने हात वर केला. मला बरं वाटलं, कुणीतरी काहीतरी विचारतंय.

"मॅडम, हे परीक्षेला किती मार्कांना आहे?"

"फारसं नाही," मी म्हणाले.

त्याने मान हलवली आणि वही मिटली. इतक्या सरळपणे मिटली की मला त्याच्यावर चिडताही आलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि विचारलं, "एका ज्वारीच्या भाकरीला पीठ किती लागतं? कुणी सांगेल?" कुणालाच सांगता येईना. "बरं, शेतावर जाणारी बाई दिवसभरात किती वेळा जेवते? चहात साखर किती घालते? घरातलं तेल करडईचं की पामतेल?" सगळ्यांच्या माना वह्यांत गेल्या. ही काही परदेशातून आलेली पोरं नव्हती. निम्मी मराठवाड्यातली होती. त्यांच्या आया सकाळी भाकरी थापत होत्या आणि ही पोरं कोचिंगच्या खोल्यांत बसून मोठी झाली होती.

पहिल्या बाकावर सेलूची एक मुलगी बसायची. बापाचं कापसाचं जिनिंग होतं, जमीनही बक्कळ. वर्गात पहिली यायची आणि ते तिच्या बसण्यातही दिसायचं. ती मान वर न करता म्हणाली, "मॅडम, आम्ही डॉक्टर होणार आहोत, आचारी नाही."

या वेळी हसू जास्त जोरात फुटलं.

"आचाऱ्याला निदान समोरचा उपाशी आहे की जेवलेला, एवढं तरी कळतं," मी म्हणाले.

ती हसली नाही. त्या दिवसापासून आमचं वैर सुरू झालं. हो, वैरच. शिक्षिकेने विद्यार्थिनीशी वैर धरू नये हे मला माहीत आहे. मी धरलं. तिची हजेरी घेताना माझा आवाज कोरडा व्हायचा आणि ती "प्रेझेंट" म्हणायची ते दगड मारल्यासारखं.

या सगळ्यात खरी भानगड होती ती एका कागदाची. बाह्यरुग्ण विभागात मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाला गोळ्यांच्या चिठ्ठीबरोबर एक झेरॉक्स दिली जायची. वर इंग्रजीत 'डाएट चार्ट'. सकाळी ओट्स आणि स्किम्ड दूध. अकरा वाजता एक सफरचंद. दुपारी ब्राउन ब्रेड, ब्रोकोली, ग्रिल केलेला मासा. स्वयंपाकाला ऑलिव्ह तेल. खाली ठळक अक्षरांत: भात, भाकरी, बटाटा, साखर बंद. विभागप्रमुखांनी तो कुठल्याशा मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलच्या पानावरून उतरवून घेतला होता आणि त्यांना त्याचा अभिमान होता.

तो कागद मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं कुणीतरी गंमत केलीय. बाहेर रांगेत झरीच्या, दैठण्याच्या, पूर्णेकडच्या बाया जमिनीवर बसलेल्या होत्या आणि त्यांच्या हातात ब्रोकोली होती.

मी चार दिवस बसून मराठीत नवा कागद केला. भाकरी बंद नाही. भाकरी चालेल, किती ते तळहाताचं चित्र काढून दाखवलं. रेशनचा भात कमी करा, त्याजागी ज्वारी, जमलं तर ज्वारीच्याच भरडलेल्या कण्या. अंबाडीची, चुक्याची पालेभाजी, शेवगा, मुगाचं वरण. अंडं, परवडेल तेव्हा. चहातली साखर अर्धी, मग त्याच्या अर्धी. सोबतचा टोस्ट आणि बिस्किटांचा पुडा बंद. आणि सगळ्यांत खाली मोठ्या अक्षरांत: गोळी घेतली की जेवलंच पाहिजे. जेवण होणार नसेल तर गोळी घेऊ नका, दवाखान्यात विचारा.

ते घेऊन मी विभागप्रमुखांच्या खोलीत गेले. तीन-चार शिकाऊ डॉक्टर उभे होते, सेलूची मुलगीही कसलीशी सही घ्यायला आलेली होती. सरांनी कागद वाचला. खिशातून लाल पेन काढलं, वरपासून खालपर्यंत एक तिरकी रेघ ओढली आणि कोपऱ्यात लिहिलं: 'गरज नाही.' खाली सही केली, तारीख घातली. अशा बाबतीत ते फार शिस्तीचे होते.

"कण्या, अंबाडी!" ते म्हणाले. "बाई, हा दवाखाना आहे, महिला मंडळ नाही. तुमच्या घरचं इथं शिकवू नका."

'तुमच्या घरचं' म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तरी त्या दोन शब्दांत काय काय होतं ते त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. एका शिकाऊ डॉक्टरने उगाच खिडकीबाहेर पाहिलं. मी कागद उचलला, "ठीक आहे सर" म्हणाले आणि बाहेर आले.

पुढचे दोन महिने मी काहीही केलं नाही. झेरॉक्स वाटली जात होती, ओपीडीतल्या माझ्या खुर्चीवरून मला दिसत होतं. करार संपायला थोडे दिवस राहिले होते, तो वाढवायचा की नाही यावर विभागप्रमुखांची सही लागणार होती, आणि घरी वडील आजारी होते.

कापूस वेचणीच्या दिवसांत एका सकाळी झरीहून एक जीप आली. मागच्या सीटवर एक बाई, पन्नाशीची असेल, घामाने ओलीचिंब आणि बेशुद्ध. वेचणी करता करता ती कापसातच आडवी झाली होती. नवऱ्याला वाटलं पान लागलं, म्हणजे साप चावला. आमच्या डॉक्टरांनी साखर तपासली. इतकी खाली गेलेली की अजून थोडा उशीर झाला असता तर बाई हाती लागली नसती. ग्लुकोज चढवलं. काही मिनिटांत तिने डोळे उघडले आणि पहिला प्रश्न केला, "माझं वेचलेलं बोचकं कुठं हाय?"

दुपारी तिचा आहार ठरवायला मी वॉर्डात गेले. पलंगाशेजारी बसले आणि विचारलं, "मावशी, सकाळी काय खाल्लं होतं?"

"काय न्हाई."

"काल रात्री?"

"काकडी खाल्ली व्हती एक."

"त्याच्या आधी?"

 मग उशाखालून तिने प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यातून गोळ्यांची पट्टी आणि घडी घालून घालून मऊ झालेला तो झेरॉक्स कागद.

"माज्या भाच्यानं वाचून दावला. भाकर बंद, भात बंद. बाकीचं काय लिवलंय त्यातलं एक बी आमच्या घरात न्हाई माय, झरीच्या दुकानात बी न्हाई. सफरचंद आणलं एक डाव. मंग काय खायाचं? म्हून खाल्लंच न्हाई. गोळ्या मातर टायमावर घेतल्या. एक बी चुकवली न्हाई."

किती दिवस, मी विचारलं. आठ-नऊ दिवस, ती म्हणाली. पोटाला कपडा बांधून ती वेचणीला जात होती. चक्कर यायची तेव्हा तिला वाटायचं, रोग उतरायलाय.

तेवढ्यात राऊंड आला. विभागप्रमुख पुढे, मागे डॉक्टर, त्यामागे विद्यार्थ्यांची झुंड. सरांनी केसपेपर चाळला आणि विद्यार्थ्यांकडे वळून म्हणाले, "बघा. ही आपली जनता. गोळी सांगितली तर जेवण नाही, जेवण सांगितलं तर गोळी नाही. सांगितलेलं ऐकायचं नाही, हाच यांचा आजार."

मला उठायचं नव्हतं. मी उठले.

"सर, तिने ऐकलं म्हणूनच ती इथे आहे. तुमच्या कागदावर भाकरी बंद लिहिलंय, तिने बंद केली. जे खा म्हटलंय ते तिला मिळालं नाही. म्हणून ती उपाशी राहिली आणि तुमची गोळी घेत राहिली."



"तुम्ही डॉक्टर आहात?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग क्लिनिकल बाबतीत तोंड घालू नका."

"तुम्ही डॉक्टर आहात," मी म्हणाले, "आणि ती काय जेवली हे तुम्ही विचारलं नाही."

 त्यावर सर काय म्हणाले, आता आठवत नाही. एवढं आठवतं की सेलूची मुलगी सगळ्यांच्या पुढे उभी होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. का, ते मला दोन दिवसांनी कळलं. बाह्यरुग्ण विभागात त्या बाईला तो कागद हिनेच दिला होता. "हे सगळं बंद करा, नाहीतर पाय कापावा लागेल," असं हिनेच बजावलं होतं.

आणि तेही कळलं ते कसं, तर मला नोटीस आली. 'आपण दिलेल्या चुकीच्या आहारसल्ल्यामुळे रुग्णाच्या जिवाला धोका निर्माण झाला, खुलासा करावा.' सोबत विद्यार्थिनीचा लेखी जबाब जोडलेला. सुंदर, टपोऱ्या अक्षरात तिने लिहिलं होतं की सदर आहारतक्ता आहारतज्ज्ञांनी तयार केलेला असून त्यांच्याच सांगण्यावरून तिने तो वाटला आणि न पाळल्यास पाय कापावा लागेल असं रुग्णाला बजावलं.

नोटीस मी दोनदा वाचली आणि मला हसू आलं, या वेळी खरं. मग टेबलाच्या खणातून माझा मराठी कागद काढला. लाल रेघ, 'गरज नाही', सही, तारीख. आयुष्यात एवढा जपून मी कुठला कागद नेला नसेल. तो आणि नोटीस घेऊन थेट अधिष्ठात्यांकडे गेले.

अधिष्ठाता सज्जन गृहस्थ होते, म्हणजे कुणाशीच वाकडं घ्यायचं नाही या अर्थाने. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, चष्मा पुसला.

"मॅडम, प्रकरण वाढवू नये असं मला वाटतं."

"मी कुठे वाढवलंय सर? नोटीस मला आलीय."

"ती परत घेऊ. विषय संपला."

"आणि तो तक्ता?"

"तोही बघू."

नोटीस परत घेतल्याचं पत्र मात्र कधी आलं नाही. ओपीडीतली झेरॉक्स एका सोमवारपासून दिसेनाशी झाली. विचारलं तर क्लार्क म्हणाला, संपल्या. माझा कागद गुपचूप छापून आला. त्यावर माझं नाव नव्हतं, मी ते मागितलंही नाही. विभागप्रमुखांनी मात्र त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलं. लिफ्टमध्ये मी असले की ते जिन्याने जायचे. त्यांना गुडघ्याचा त्रास होता. मी मुद्दाम लिफ्टने जाऊ लागले.

करार वाढला, कारण वाढवला नसता तर माझ्याकडचा तो लाल रेघेचा कागद कुठे जाईल याची त्यांना खात्री नव्हती. हे न्यायाने झालं असं मी मानत नाही.

अधिष्ठात्यांना भेटल्यानंतरच्या गुरुवारी मी वर्गात गेले आणि दार लावून घेतलं. प्रत्येक बाकावर तो जुना इंग्रजी झेरॉक्स ठेवला. "उद्या परवा दोन दिवस यावर जेवायचं," मी म्हणाले. "औषध कुणीही घ्यायचं नाही, नुसतं जेवण. यात आहे तेवढंच. मेसमध्ये जायचं नाही. वस्तू झरीच्या बाजारातून आणायच्या, मॉलमधून नाही, ऑनलाइन नाही. मिळाल्या नाहीत तर उपाशी राहायचं. चक्कर आली तर जेवा आणि मला येऊन सांगा. ज्याला जमणार नाही त्याने लिहून द्यायचं, का जमलं नाही."

"हे सिलॅबसमध्ये आहे का?" मागून कुणीतरी.

"नाही. तो कागदही नव्हता."

तक्रार होणार हे मला माहीत होतं, झालीही. पण बरीचशी पोरं झरीच्या बाजारात गेली. काही कुतूहलाने, काही माझी जिरवायला. दुसऱ्या गुरुवारी जी आली ती चिडलेली होती. एकाने बाजारभर ओट्स विचारले तर घोड्याचं खाद्य मागतोय म्हणून दुकानदाराने त्याला घोड्यांचा व्यापारी समजलं. एकीने काकडी आणि टोमॅटोवर दुपारपर्यंत कळ काढली आणि मग मेसमध्ये जाऊन चार पोळ्या खाल्ल्या. "मॅडम, डोकं चालत नव्हतं माझं," ती जवळजवळ ओरडली. "मला नुसतं बसवत नव्हतं, आणि ती बाई कापूस वेचत होती!"

"लिहा," मी म्हणाले. "हेच लिहा."

त्या दिवशी कुणी झोपलं नाही. भाकरीला किती पीठ लागतं हे त्यांना मग शिकवता आलं. मी प्रेमाने शिकवलं असं म्हणणार नाही. मी रागावलेलीच होते आणि ते रागावूनच शिकले.

सेलूची मुलगी त्या तासाला नव्हती. संध्याकाळी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, सरांनी सांगितलं तसं मी लिहिलं. इंटर्नल मार्क त्यांच्या हातात आहेत."

"मला माहीत आहे."

"सॉरी."

"माझी माफी मागून काय होणार?" मी म्हणाले. "पाय कापावा लागेल असं तू कुणाला म्हणालीस? तिच्याकडे जा."

ती रडू लागली. मी पाणी दिलं नाही. खुर्चीही दिली नाही. आता वाटतं, द्यायला हवी होती. वय तरी काय होतं तिचं. पण तेव्हा माझ्या मनात ती मुलगी नव्हतीच, त्या टपोऱ्या अक्षरातली ती ओळ होती.

ती झरीला गेली की नाही, मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. आता ती कुठेतरी पुढचं शिकतेय.

विभागप्रमुख वर्षभराने दुसऱ्या जिल्ह्यात गेले. निरोपसमारंभाला सगळा स्टाफ होता. मी वॉर्डात होते.

झरीची बाई मात्र येत राहिली, दर महिन्याला, गोळ्या घ्यायला. साखर बरीच आटोक्यात आली होती. दीड भाकरी, वरण, पालेभाजी, चहात चिमूटभर साखर, सगळं नेमाने. मला वाटायचं, आमची आता ओळख झाली. एकदा मी मोठ्या उत्साहाने तिला म्हणाले, "मावशी, बघा, माझ्या कागदाचं तेव्हाच कुणी ऐकलं असतं तर तुमच्यावर ही वेळ आली नसती. मी आधीच सांगितलं होतं त्यांना."

तिने पिशवीत गोळ्या ठेवल्या, गाठ मारली.

"आधी मंजी कव्हा?"

"तुम्ही पडलात त्याच्या दोन महिने आधी."

"तुला ठावं व्हतं?"

मी टेबलावरचे केसपेपर सरळ करू लागले.

"तुला ठावं व्हतं की त्यो कागद चुकीचा हाय, अन् तू हितंच बसली व्हतीस? ह्या खुर्चीवर?" तिचा आवाज चढला नाही. रांगेतल्या दोन बाया मात्र वळून बघायला लागल्या. "मी त्या खिडकीतून कागद घेऊन तुज्या समोरून गेले असंन. मला हाक मारायला काय झालतं?"

मला करार सांगता आला असता. सही, नोकरी, वडिलांचं आजारपण, बरंच काही. पण कापसात आडव्या झालेल्या बाईला सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"चुकलं," मी म्हणाले.

"हां," ती म्हणाली. "चुकलंच."

आणि ती गेली. पुढच्या महिन्यातही आली, त्याच्या पुढच्याही. गोळ्या घेते, साखर तपासते, माझ्यासमोरून जाते. मान हलवते, बसत नाही. आता नव्या मुलांना पहिल्या तासाला मी हीच गोष्ट सांगते, आणि माझे ते दोन महिने वगळत नाही. काही पोरं त्यावर माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघतात, आदर कमी झाल्यासारखी. बघू देत.